हर्षदची भरवशाची चाचणी

माणसं पारखायची चाचणी हर्षदने स्वतः तयार केली होती. चाळीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आंबा पल्पच्या कारखान्याला तिच्यातून नवा सुपरवायझर मिळणार होता. चाचणी भरवशाची ठरली तर हर्षदची एचआरमधली नोकरी कायम, असं कारखान्याच्या मॅनेजर राजश्री मॅडमनी कबूल केलं होतं.

"ठरली तर कसली, ठरलीच!" हर्षदने कॅन्टीनमध्ये जाहीर केलं. "पंधरा दिवसांनी हेच प्रश्न पुन्हा. उत्तरं पहिल्यासारखीच आली की मी पक्का!"

छत्तीस जणांनी कागद भरून सह्या केल्या. आंबे कापण्यात वीस वर्षं काढलेल्या सगुणाबाईंनी ते गोळा करून दिले. खुद्द सगुणाबाईंचा निकाल पाहून हर्षद हळहळला. 'चारचौघांत पुढे होऊन बोलता?' नाही. 'लोक तुमचं ऐकतात?' नाही. नेतृत्वगुण शून्य. बाई भली, पण शास्त्रापुढे त्याचा इलाज नव्हता.

दुसऱ्या फेरीत उत्तरं जुळली. सगळीच्या सगळी! हर्षद नाचतच मॅडमकडे गेला. मॅडमनी अनिल नावाच्या कामगाराचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या वेळी त्याने सतराव्या प्रश्नाला 'हो' खोडून 'नाही' केलं होतं. दुसऱ्या वेळीही तिथेच इमानाने खाडाखोड होती.

अनिलला बोलावलं. "सगुणाकाकीन सांगितलान, जसंच्या तसं लिवा," तो म्हणाला.

सगुणाबाई हात पुसत आल्या. "सही केलेल्या कागदाचा फोटो मी ठेवतेच, मॅडम. ज्याचा त्याला मोबाईलवर पाठवला, जेवणाच्या सुट्टीत पाठ करून घेतला. पोराची नोकरी अडकलेली, आमी काय बघत बसायचं?"

"सगळ्यांनी ऐकलं तुमचं?"

"नाय ऐकून सांगतात कुणाला!"

"मग 'लोक तुमचं ऐकतात?' इथे 'नाही' का लिहिलंत?"

"चांगल्या घरची बाई स्वतःची शेखी लिवून देल काय?"

हर्षदला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅडम मात्र हसल्या. "सुपरवायझर मिळाली. आता सुपरवायझरबाई, या हर्षदचं काय करायचं?"

सगुणाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ठेवा. पोरगा बरा हाय. फक्त पुढच्या वेळी आधी मला विचारलान, तर कागद तरी वाचतील."

मॅडमनी त्याच्या कायम नोकरीच्या पत्रावर सही केली. सगुणाबाईंनी लगेच मोबाईल काढला आणि त्या पत्राचा फोटो काढून ठेवला.