शेंड्यात पाणी

पारा पाचाच्या खाली उतरला की आमच्या गावात ऑर्किड पलंगावर झोपतात आणि त्यांच्या जागी खिडकीत घरातलं एक माणूस उभं राहतं. कोणी उभं राहायचं यावर वाद होत नाही. ज्याने ऑर्किड घरात आणलं, त्याने. आमच्याकडे ते माझ्या नवऱ्याने, हेरंबने आणलं होतं. बढती मिळाली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी दिलं. नको म्हणता आलं असतं, पण फुकट ते पौष्टिक.

यंदा थंडीची लाट संक्रांतीच्या आधीच आली. हेरंबने मोजे काढून मोठ्या कुंडीत पाय ठेवले आणि मी त्याच्या पायांभोवती झाडाच्या सालीचे तुकडे नि कोळसा भरला. ऑर्किडला त्याच्या उशीवर निजवलं, दुलई पानांपर्यंत ओढली.

"फटीला काहीतरी लाव गं," हेरंब म्हणाला. "वारा थेट मानेवर येतोय."

मी जुनी साडी कोंबली. दोन-तीन दिवसांनी त्याचं बोलणं थांबलं. ते सगळ्यांचंच थांबतं. पापण्या तेवढ्या हलत होत्या.

खिडकीतल्या माणसाला जपणं तसं अवघड नाही. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, तेही सकाळी आणि फक्त पायांशी. हीटर लांब ठेवायचा. उगाच हलवाहलवी करायची नाही. आणि डोक्यात थेंबभरही पाणी जाऊ द्यायचं नाही. टाळूवर पाणी साचलं की शेंडा कुजतो, आणि शेंडा कुजलेलं माणूस लाट ओसरल्यावर पलंगावर परत येत नाही. समोरच्या इमारतीतल्या वाघचौरेबाई अजून खिडकीतच आहेत. त्यांचे मिस्टर जाता-येता त्यांच्यावरची धूळ पुसतात. मला ते बघवत नाही, म्हणून त्या बाजूचा पडदा मी ओढलेलाच ठेवते.

सासूबाईंना हे नियम ठाऊक नव्हते असं नाही. पण पोटचा मुलगा उपाशी, पारोसा उभा आहे हे त्यांच्या जिवाला लागत होतं. भोगीच्या सकाळी मी पावटा नि हरभऱ्याचे घाटे आणायला बाजारात गेले. परत आले तर त्या स्टुलावर उभ्या होत्या, हातात रिकामा तांब्या. हेरंबच्या केसांत तीळ अडकले होते आणि पाणी कानांवरून ओघळत होतं.

"आई, काय केलंत हे?"

"भोगी आहे आज. न खाई भोगी तो सदा रोगी. खाणं तर तुम्ही बंदच केलंय त्याचं, निदान न्हाऊ तरी घातलं. चांगलं ऊन पाणी होतं."

मी देवघरातल्या वाती आणल्या आणि एकेक वात टाळूवर धरून पाणी टिपून घेतलं. सासूबाईही वाती वळून देऊ लागल्या. "काही होत नाही गं," त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हेरंबच्या पापण्या भराभरा हलत होत्या. तोही घाबरला होता, हे मला बायको म्हणून कळत होतं.

तिसऱ्या दिवशी वास आला. टाळूला बोट लावलं तर ते आत गेलं.

मी शीतलाट कक्षाला फोन केला. तिथले निरीक्षक देवरे आले. त्यांनी आधी ऑर्किड पाहिलं, तशी पद्धत आहे. ते पलंगाच्या मधोमध सरकलं होतं. मी कडेला निजत होते, आणि पहाटे जाग आली की त्याचं एखादं मूळ माझ्या मनगटाला लागलेलं असायचं. भीतीने मी हातही काढून घेत नव्हते. मूळ तुटलं तर त्याचा दोष कोणाच्या माथी येईल, काय सांगावं.

"यांची प्रकृती उत्तम," देवरे म्हणाले. मग ते हेरंबच्या डोक्यावर वाकले. "पाणी कोणी घातलं?"

सासूबाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

"भोगी होती," मी म्हणाले.

"दरवर्षी भोगीलाच होतं बघा वहिनी. आम्ही गाडी फिरवून सांगतो की नुसता टिळा लावा. लोक ऐकत नाहीत." त्यांनी रुमालाला बोट पुसलं. "दालचिनीची पूड भरा. स्वयंपाकातली चालते. सड थांबली तर थांबली."

सड थांबली, पण शेंडा काळा पडून वाळला. लाट ओसरली. बाकीच्या खिडक्यांतली माणसं उतरली आणि आखडलेली अंगं घेऊन गच्चीवर उन्हात बसू लागली. हेरंब उतरला नाही. मी रोज हाक मारत होते. पापणी हलायची, पण फार सावकाश.

मग एके दुपारी सासूबाई ओरडल्या. हेरंबच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याशी, काहीतरी फुटलं होतं. देवरे येऊन गुडघ्यांवर बसले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पिल्लू आहे. शेंडा गेला की तळातून असं पिल्लू फुटतं."

ते बोटाएवढं होतं. त्याचा एक कान हेरंबसारखाच दुमडलेला होता.

"हुबेहूब," सासूबाई म्हणाल्या. "जन्मला तेव्हा असाच होता गं." त्या रडत होत्या, आणि आनंदाने रडत होत्या. मला त्यांची भीती वाटली.

"आणि माझा नवरा?" मी विचारलं.

"हाच की. वाढेल हळूहळू."

"आणि हा उभा आहे तो?"

"वहिनी, एका खोडात दोघांपुरतं पाणी नसतं. याला मुळं फुटली की कापून वेगळं करायचं. मोठा मग वाळतो. नाही कापलं तर दोघंही जातील."

"कोणी कापायचं?"

"तसा नियम नाही. घरात ज्याचा हात स्थिर असेल त्याने."

सासूबाईंनी आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. ते थरथरत होते.

मुळं लवकर फुटली. मी सुरी गॅसवर धरली, मग गार होऊ दिली. सासूबाई झबलं घेऊन मागे उभ्या राहिल्या. मी कुंडीशी खाली बसले, पण पिल्लू दोन घोट्यांच्या मध्ये अडकलेलं होतं आणि तिथवर सुरी पोचत नव्हती.

"हेरंब," मी म्हणाले, "मला भीती वाटतेय रे. मला हे जमणार नाही."

पापणी मिटली आणि उघडली. मग कोळसा करकरला. इतके दिवस जागचा न हललेला हेरंबचा उजवा पाय सावकाश बाजूला सरकला, माझा हात आत जाईल एवढा.