चारशे बारा पेव्हर ब्लॉक

अंगणातली जुनी फरशी काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे, एवढंच मी ठरवलं होतं. लोक याहून मोठे निर्णय घेतात आणि रात्री शांत झोपतात. मला ते जमत नाही.

कारण सांगताना मान खाली जाते. त्या फरशीवर शेवाळ धरलं होतं आणि 'येत्या रविवारी घासतो' असं मी दोन वर्षं म्हणत होतो. अशाच एका न घासलेल्या रविवारी आई तिथे घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून ती थेट ताईकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "अंगण नीट झालं की बोलव. नाही झालं तर राहू दे. लेकीकडे मला काही कमी नाही." आणि ते खरं होतं. ताईच्या घरात चमचेसुद्धा रांगेत असतात. आई तिथे रमली तर परत यायची नाही, या विचारानं मी पेव्हर ब्लॉकचं दुकान गाठलं.

दुकानात मी एका तुळतुळीत लाल ब्लॉकवर भाळलो.

"अहो, आईंना परत पाडायचंय का?" बायको म्हणाली.

आम्ही खरखरीत करडे घेतले. (आमच्याकडे निर्णय मीच घेतो. कोणता घ्यायचा, ते ती सांगते.)

गवंडी म्हणाला, "साहेब, थोडा उतार ठेवतो. पाणी निघून जाईल."

"अजिबात नको. आईच्या वॉकरला चढउतार चालणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि सगळं सपाट बसवलं. बुधवारी बायकोनं पाइप लावून अंगण धुतलं. पाणी जागच्या जागी बसून राहिलं, जणू त्यालाही कुठे जायचं नव्हतं. बायकोनं नळ बंद केला आणि माझा फोन आणून हातात दिला. गवंड्याला फोन केला.

"आता सगळे उचलून खालची वाळू उतारात ओढावी लागेल. उद्या येतो," तो म्हणाला.

आई रविवारी येणार होती.

आता, मी रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं आहे. आमच्याकडे नंबर टाकल्याशिवाय कागद जागचा हलत नाही. बसलेली वस्तू उचलायची म्हणजे परत कुठे ठेवायची, याची नोंद नको? मी साचलेलं पाणी खराट्यानं लोटलं, ब्लॉक सुकल्यावर ऑफिसचा जाड मार्कर काढला आणि दुपारभर गुडघ्यांवर रांगत प्रत्येक ब्लॉकवर नंबर टाकला. एक ते चारशे बारा. कमरेचा काटा ढिला झाला, पण बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं.

गुरुवारी गवंडी आला आणि दारातच थबकला.

"साहेब, हे काय?"

"परत त्याच जागी बसावेत म्हणून."

"सगळे एकाच साच्यातले आहेत, साहेब."

"असू देत. तरी."

त्यानं मान डोलावली आणि हाताला येईल तो ब्लॉक उचलून बसवला. उतार झकास झाला. पण तीनशे सहाच्या शेजारी अकरा, अकराच्या शेजारी दोनशे नव्वद! मला ते बघवेना.

शुक्रवारी मी नंबर पुसायला बसलो. साबण झाला, रॉकेल झालं, तारेचा ब्रश झाला. नंबर तसेच राहिले, फटींतली वाळू मात्र निघून गेली. ती पुन्हा भरली. शेवटी गवंड्यानं ठेवलेला सीलरचा डबा दिसला. 'यानं डाग राहत नाहीत,' असं तो म्हणाल्याचं आठवत होतं. शनिवारी सकाळी मी अख्ख्या अंगणाला सीलर फासला. नंबर ओले झाले, काळेभोर झाले आणि चमकू लागले.

बायकोनं डबा उचलून वाचला. "नवे डाग पडू नयेत म्हणून असतो हा. आधीचे पुसून मग लावायचा. आता ते आतच राहणार."

"किती दिवस?"

"पाच वर्षांची हमी आहे."

मी पायरीवर बसलो. आईसाठी एक साधं अंगण करायचं होतं, तेही मला धड जमलं नाही. खरंच रडू आलं.

रविवारी ताईची गाडी आली. आई उतरली, वॉकर टेकवला आणि पाऊल टाकलं. वॉकर डगमगला नाही, पाय सरकला नाही. ती एकेक पाऊल टाकत, खाली बघत, सगळं अंगण ओलांडून आली. मागून ताई म्हणाली, "अगं बाई, हे काय गिरवून ठेवलंय? आई, चल परत माझ्याकडे."

माझा धीर सुटला. "आई, चुकलं माझं. तू ताईकडेच राहा. तिथे सगळं नीट आहे."

"माझी बॅग आत घे," आई म्हणाली.

माझे डोळे भरून आले. "म्हणजे अंगण आवडलं तुला?"

"अंगण? अरे, ताईकडे सगळं जागच्या जागी असतं. सहा आठवडे कुणाला बोलायला कारणच मिळालं नाही. जीव नुसता घुसमटला माझा." ती खुर्चीत ऐसपैस बसली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला समोर उभं केलं. "हं. आता अगदी पहिल्यापासून सांग. मला काही घाई नाही."