आईचा नंबर पुसण्याची मोहीम

दूरदेशी शिकून घरी परतताना मला वाटलं होतं, आपली माणसं भेदरलेली असतील. कुठल्यातरी थंडगार खोलीतल्या संगणकांवर आपलं नाव, पत्ता, वय, बुटाचं माप आणि गुडघेदुखी विकायला ठेवली आहे, हे कळून त्यांची झोप उडालेली असेल. मी दारात बॅग टेकवल्या टेकवल्या ती म्हणतील, "आलीस का गं! आता तूच वाचव!"

प्रत्यक्षात मी दारात बॅग टेकवली तेव्हा बाबा फोनवर कुणालातरी अगदी अदबीने सांगत होते, "नाही हो, त्या पोहायला गेल्यात. हो, तिन्ही मुलांना घेऊन. उद्या करून बघा." बोलता बोलताच त्यांनी मला 'बस' अशी खूण केली.

"कोण गेलंय पोहायला?" मी विचारलं.

"मी," बाबा फोन ठेवत म्हणाले. "पोहण्याचे कपडे विकतात ते. त्यांच्या लेखी मी एकोणतीस वर्षांची बाई आहे. चांगली माणसं आहेत. वाढदिवसाला न चुकता शुभेच्छा देतात."

"तुमच्या वाढदिवसाला?"

"छे, तिच्या."

माझ्या अंगावर काटा आला. (बाबांच्या नाही. ते चहा टाकायला उठले.)

मी शिकले आहे ते हेच. लोकांची माहिती गोळा करून ती विकणारे दलाल असतात. आपण दुकानात दिलेला फोन नंबर, कुठल्याशा स्पर्धेत भरलेली जन्मतारीख, असे कण ते वेचतात, जोडतात आणि ज्याला हवे त्याला विकतात. त्यांच्या साठ्यातून आपली माहिती काढून घेण्याचा हक्क माणसाला असावा, यावर मी दोन वर्षं अभ्यास केला, परिषदांमध्ये मूठ आपटून बोलले, एकदा तर बोलता बोलता रडलेसुद्धा. आणि माझ्याच घरात माझे वडील तीन मुलांना घेऊन पोहायला जात होते!

चौकशीअंती कळलं ते असं. कुठल्याही दुकानात गल्ल्यावर "मोबाईल नंबर?" असं विचारलं, की आमच्या घरातला प्रत्येकजण बाबांचा नंबर सांगतो. नाव मात्र त्या क्षणी सुचेल ते. यात सर्वांत मोठी कलाकार म्हणजे आत्या. आत्या मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे, गाडीतून उतरल्यावर तिला थोडी गंमत लागते. त्या गमतीपायी बाबा आजवर निवृत्त जहाजकप्तान, जुळ्यांची आई आणि नखांचं सौंदर्यकेंद्र चालवणारी बाई असं बरंच काही झाले होते. पाणीपुरवठा कार्यालयातल्या कारकुनाला एरवी इतकी आयुष्यं कुठून मिळणार?

"बाबा, तुम्ही हे सहन कसं करता?" मी कळवळून विचारलं.

"अगं, कार्यालयात मला दिवसभर फोन येतात ते नळाला पाणी नाही म्हणून. हे लोक निदान 'कसे आहात' असं विचारतात."

त्या संध्याकाळी मी घरच्यांना एकत्र बसवलं आणि भाषण केलं. मान, स्वातंत्र्य, माणूस म्हणजे माल नव्हे, वगैरे. आत्याने मधूनच टाळी वाजवली. आई ऐकता ऐकता बसल्या जागी झोपली. तिला दोष नाही. ती दोन गल्ल्यांपलीकडच्या प्रसूतिगृहात परिचारिका आहे आणि आदल्या दिवशी तिच्या हातून जुळ्यांच्या आईची सुटका झाली होती. (खऱ्या. आत्याच्या नव्हे.)

मग मी लॅपटॉप उघडून एकेका दलालाकडे आमची काय माहिती आहे ते शोधलं. बाबा सतरा ठिकाणी सापडले, एकाही ठिकाणी बाबा म्हणून नाही. आत्या सापडली. मीही सापडले, पण नुसत्या नावाने. आई मात्र कुठेच नाही. नाव नाही, पत्ता नाही, नंबर नाही. जणू बाई जन्मलीच नव्हती.

"बघ," आत्या म्हणाली, "वहिनीचा नंबर आम्ही जीव गेला तरी कुणाला देत नाही. तिचा फोन वाजला की कुणाचं तरी बाळ अडलंय, एवढाच अर्थ. तू वहिनीला यात घेऊ नकोस. कुणाकडे नाहीच, तर काढून काय घेणार?"

हे ऐकून मी हसले. (आज ते हसू आठवलं की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.) आमच्या विभागप्रमुख बाई नेहमी म्हणायच्या, जे सापडतं ते किरकोळ असतं, खरं ते आत दडवून ठेवलेलं असतं. म्हणून मी आत्याला समजावलं, "आत्या, नाही असं होऊच शकत नाही. सापडत नाही म्हणजे मुद्दाम लपवलंय."

"म्हणजे माझ्या पर्समध्ये हत्ती सापडत नाही, तर तो लपवलाय?"

"तुला नाही कळायचं."

"बरं, संरक्षणमंत्री."

मी कामाला लागले. काढून टाकण्याची विनंती करायची तर प्रत्येक दलाल विचारतो, तुम्ही कोण? रास्त आहे. बाबांच्या बाबतीत जरा पंचाईत झाली, कारण एकोणतीस वर्षांच्या बाईची माहिती काढायला अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष आलेला पाहून एका कंपनीने आमच्यावरच फसवणुकीचा संशय घेतला. आईचं मात्र सुरळीत पार पडलं. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरीचं ठिकाण, फोन नंबर, ओळखपत्राचा फोटो. एका ठिकाणी 'तुमच्याविषयी आमच्याकडे काय असू शकेल असं तुम्हाला वाटतं?' असा प्रश्न होता. तिथे मी आईची गुडघेदुखी, वाचायचा चष्मा आणि घर रंगवायचा विचारसुद्धा प्रामाणिकपणे लिहिला. जगात होते नव्हते तेवढे सगळे दलाल शोधून मी प्रत्येकाला हे पाठवलं. 'आपली विनंती मिळाली, धन्यवाद' अशी उत्तरं येत राहिली तेव्हा अभिमानाने माझी छाती भरून आली.

तुमच्या लक्षात आलं असेलच. माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

पहिला फोन आला तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने नेहमीप्रमाणे उठून चपला पायात सरकवत फोन घेतला. "किती मिनिटांनी कळा येतायत?" तिने विचारलं. पलीकडचा माणूस गडबडला असावा. तो रंगाचे डबे विकत होता.

मग रांगच लागली. वाचायचे चष्मे. गुडघ्याचे पट्टे. गुडघ्याची तेलं. अख्खे नवे गुडघे! सगळे आईला तिच्या पूर्ण नावाने हाक मारत होते. आई दर वेळी चपला घालायची, दर वेळी काढायची.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "हे लोक माझ्याशी इतकं खरं कसं बोलतात? तुमच्याशी तर कधी बोलले नाहीत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपच्या पडद्यामागे शक्य तितकी लहान झाले.

"तात्पुरतं आहे," मी पडद्यामागून म्हटलं. "विनंत्या मान्य व्हायला वेळ लागतो. तोवर आईचा फोन मी सांभाळते. एकेकाला असा धडा शिकवते की पुन्हा नाव काढणार नाहीत."

आणि मी शिकवलाही. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला? स्रोत सांगा." बहुतेकजण तिथेच फोन ठेवायचे. एक पठ्ठ्या मात्र फार हुशार निघाला. "रुग्णालयातून बोलतोय, तातडीचं आहे," असं घाबऱ्या आवाजात म्हणाला आणि आईने धावत येऊन फोन घेतल्यावर तिला संपूर्ण शरीर तपासणीची सवलत सांगू लागला. तेव्हापासून मी 'तातडीचं' या शब्दावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला.

शनिवारी संध्याकाळी आई न्हायला गेली होती. फोन वाजला. नंबर अनोळखी. (आई फोनमध्ये कुणाचंच नाव साठवत नाही, तिला आवाज पुरतो.)

"सिस्टर आहेत का? लवकर द्या," एका बाईचा आवाज.

"आपण कोण?"

"प्रसूतिगृहातून बोलतेय. तातडीचं आहे. त्यांना लगेच पाठवा."

अरे वा, मी मनात म्हटलं, आता प्रसूतिगृहापर्यंत पोचले! "हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?"

"काय?"

"स्रोत सांगा. मला जाणून घ्यायचा हक्क आहे."

"अहो, बाळ आडवं आहे! ऑपरेशन करायचंय, माझ्या हाताखाली कुणी नाही!"

"घबराट निर्माण करून विक्री करणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मी काय विकतेय? बाळ?"

"ते तुम्हीच सांगा. आणि हा नंबर तुमच्या यादीतून आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"काढते!" ती बाई किंचाळली. "कायमचा काढते!" आणि फोन आपटला.

इतक्या विनंत्या केल्या, पण ताबडतोब मान्य झालेली ही पहिलीच. मी विजयी मुद्रेने वळले. आई केस पुसत बाहेर येत होती.

"आई, हद्द झाली बघ. आता म्हणतात, बाळ आडवं आहे आणि हाताखाली कुणी नाही."

आईचा हात केसांतच थांबला. "कोण म्हणतं?"

"होती एक बाई. खूप चिडकी."

"थोडी घोगरी? वाक्याच्या शेवटी किंचाळते?"

"हो. तुला कशी माहीत?"

"अगं, त्या आमच्या डॉक्टरीणबाई!"

पुढचं सगळं धावतच झालं. आईने ओल्या केसांचा बुचडा बांधला, आत्याने किल्ली उचलली आणि आम्ही तिघी शिकाऊ गाडीत कोंबल्या गेलो. त्या गाडीवर सगळीकडे 'शिकाऊ चालक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असल्यामुळे लोक घाबरून बाजूला होत होते, हाच काय तो फायदा. दोन गल्ल्यांचं अंतर. मला ते जन्मभराचं वाटलं. मी "आई, मला वाटलं..." असं सुरू केलं, तशी आत्या आरशातून म्हणाली, "गप्प बस. आत्ता नको."

आई आत पळाली. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर एक तरुण, म्हणजे त्या बाळाचा बाप, स्वतःचा रुमाल पिळत बसला होता.

"नर्स वेळेवर येत नाहीत हो," तो मला म्हणाला. "कुणीतरी त्यांचा फोनच लागू देत नव्हतं म्हणे. काय माणसं असतात!"

"असतात," मी म्हटलं आणि जमिनीकडे बघत बसले. मान, स्वातंत्र्य, हक्क यांपैकी एकही शब्द त्या वेळी माझ्या कामाला आला नाही. मला फक्त आतून एक आवाज ऐकायचा होता.

तो आला. आधी अगदी बारीक, आणि मग असा खणखणीत की बाकावरचा बाप उभा राहिला आणि माझ्याच गळ्यात पडून रडू लागला. मीही रडले. (परिषदेतल्यापेक्षा हे रडणं फार निराळं होतं.)

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. आईने मागून माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुलाच ना गं स्रोत हवा होता?"

"डॉक्टर, मी..."

"ऐक. आत रडतोय तो स्रोत. साडेतीन किलोचा आहे." आणि आईकडे वळून त्या म्हणाल्या, "सिस्टर, मुलीला शिकवलंत चांगलं, पण फोन देऊ नका तिच्या हातात. आणि उद्यापर्यंत तुमच्या नंबराचं काय ते बघा. मला एका हाकेत माणूस लागतं. नाही जमलं तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

घरी येताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "गुडघेदुखी लिहिलीस ती लिहिलीस, घर रंगवायचं कशाला लिहिलंस? ह्यांना अजून सांगितलं नव्हतं मी."

सकाळी मी उठले तेव्हा आईचा फोन वाजतच होता. मी निर्णय घेतला. स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही फोन टेबलावर ठेवले, पिनेने सिमकार्डं काढली आणि माझं आईच्या फोनमध्ये, आईचं माझ्या फोनमध्ये घातलं. "आजपासून हा नंबर तुझा, तुझा तो माझा," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंना कळवून टाक. जे फोन येतील ते मी निस्तरीन."

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पण तुझ्या ओळखीच्यांचे फोन आता मला येतील. त्यांना काय सांगू?"

"कुणाचेच येणार नाहीत," मी ताठ मानेने म्हटलं. "हा नंबर मी आजवर कुणालाही दिलेला नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मैत्रिणींना?"

मी पिनेने टेबल टोकरू लागले.

"एखादा मित्र?" आत्याने आशेने विचारलं.

आई माझ्याकडे पाहू लागली. जन्मल्यावर लगेच न रडलेल्या बाळाकडे ती अशी बघत असेल. शेवटी बाबांनी आपला चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि अगदी मायेने म्हणाले,

"वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. आजपासून येतील हो तुलाही फोन."