तिघांना भिणारे डोमाजी काकाजी

डोमाजी काकाजी तीन माणसं एकत्र उभी राहू द्यायचे नाहीत. "तिघं जमले का युनियन होते," असं त्यांचं ठाम मत. आणीबाणी उठल्यानंतरची ही गोष्ट. साकोलीजवळच्या आमच्या राइस मिलचे ते मुकादम. धानाचं पोतं उचलून द्यायला दोघं आणि पाठीवर घेणारा एक, असे तीन हमाल लागतात. काकाजी त्यातल्या एकाला हाकलायचे आणि त्याच्या जागी स्वतः हात लावायचे. दिवसभर धापा टाकायचे, पण युनियन होऊ दिली नाही!

आम्ही हमाल पानठेल्यावर दिसलो की धावत यायचे. "कायच्या गोष्टी करून राहिले बे?"

"म्हशीच्या, काकाजी."

"आज म्हैस, उद्या झेंडा!"

मिलमधला एक म्हातारा वारला, तेव्हा तिरडीला चार खांदे लागले आणि काकाजींचा नाइलाज झाला. तरी वाटेत बोलायचं नाही, हे बजावलंच.

मग मिलच्या फिरत्या पट्ट्यात सोमा हमालाची बोटं गेली. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवा, असं आम्ही कधीचं सांगत होतो. मी सरळ जाऊन मशीन बंद केली. काकाजी तिथंच उभे होते. जाळी बसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांचं ठरलं.

"झाली ना बे युनियन!" काकाजी कपाळ धरून खाली बसले.

शेटजी तणतणत आले. "मशीन कोणी बंद केली? आजच काढतो त्याला." विचारलं अर्थात काकाजींना. युनियनचा त्यांच्याएवढा वैरी दुसरा कोण होता? माझ्या घरी दोन लहान मुली होत्या.

"मीनं," काकाजी म्हणाले.

शेटजींना आधी हसूच आलं. काकाजी हसले नाहीत. पुढे जाळी बसली, पण काकाजींचं काम त्याच दिवशी गेलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच चूल फुंकत होते.

"काकाजी, काहून असं केलं?"

"गुपचूप राय. युनियन वाईटच हाय. पण तुह्या पोरी सांजच्याले तुही वाट पायतात. माही कोण पायते?"

माझ्या घरची चूल त्या माणसामुळे पेटती राहिली. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकाजी बाजाराला गेले होते. मी बायको-मुलींना घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. दिवेलागणीला ते येताना दिसले. धाकटी आजोबा दिसल्यासारखी ओरडली, "आबाजी आले!"

काकाजी रस्त्यातच थांबले. मग कोण आलं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.