पावणेअकराचा गुन्हेगार

"नजर ससाण्याची, कान हरणाचे, आणि मेंदू..." इथे ओरेस्टमामा दर वेळी अडायचा, कारण मेंदूला शोभेलसा प्राणी त्याला अजून सापडला नव्हता. "मेंदू माझा स्वतःचाच! ओरेस्ट बिलिंस्की, खासगी गुप्तहेर. अख्ख्या मॅनिटोबात माझ्यासारखा दुसरा नाही."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि कॅनडातल्या त्या मॅनिटोबा प्रांतानं त्याबद्दल देवाचे आभार मानावेत असं त्याच्या भाचीचं, लारिसाचं मत होतं. मामानं एकतीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत कारकुनी केली. तेवढ्या काळात त्यानं एकूण एक छत्री मालकाला परत मिळवून दिली. एकूण, एक. ऑक्टोबरात तो निवृत्त झाला, गुप्तहेर म्हणून कार्डं छापून घेतली, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत वेळ जावा म्हणून रोज सकाळी भाचीकडे कॉफीला यायला लागला. बरोबर पावणेअकराला. दारात उभा राहून, एक हात भिंतीला टेकून, गुडघ्यापर्यंतचे केसाळ अस्तराचे बूट ओढून काढताना तो असा कण्हायचा की शेजारचं कुत्रं उत्तर द्यायचं.

लारिसा आणि तिचा नवरा ग्लेन, दोघांचंही ऑफिस घरातच, वरच्या मजल्यावर. खोलीत चार संगणक. ग्लेन दोन संगणकांवर शेतातलं पाणी काढून देणाऱ्या चरांचे नकाशे काढायचा. लारिसा एका संगणकावर दूरच्या कॉलेजातलं व्याख्यान ऐकायची आणि दुसऱ्यावर शब्द न् शब्द त्याच क्षणी टाइप करायची. ते शब्द तिकडे वर्गात जोआन नावाच्या मुलीच्या पडद्यावर उमटायचे. जोआनला ऐकू येत नव्हतं आणि तिला नर्स व्हायचं होतं.

नोव्हेंबरपासून या घरातलं इंटरनेट रोज पावणेअकराच्या सुमारास जायचं आणि बाराच्या आसपास आपसूक यायचं. व्याख्यान दहाला सुरू व्हायचं, पावणेअकराला दहा मिनिटांची सुट्टी, मग उरलेला भाग. लारिसा सुट्टीत कॉफी टाकायला खाली जायची, कप घेऊन वर यायची, तो सगळं ठप्प. मंगळवारी जोआनचा निरोप आला होता: "हृदयाची उजवी बाजू छान कळली. डावी बाजू मला दिसलीच नाही." तो वाचून लारिसाला रडूच आलं. व्याख्यान देणाऱ्या बाई शुक्रवारी सुट्टीनंतर डावी बाजू पुन्हा शिकवणार होत्या, फक्त जोआनसाठी. सोमवारी परीक्षा. आणि पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं कॉलेजनं अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

ग्लेननं जाहीर केलं, "कनेक्शनच बदलू. चार संगणक आहेत, हे झेपत नाहीये त्याला."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन रंगीत पत्रकं पसरली. एक सध्याच्याच केबलवाल्या कंपनीच्या सर्वांत महागड्या कनेक्शनचं, एक टेलिफोनवाल्यांचं, एक छपरावर तबकडी लावणाऱ्यांचं. तिन्हींवर हसरी कुटुंबं होती. तिन्हींवर वेगाचा आकडा टरबुजाएवढा आणि त्याच्यापुढे 'पर्यंत' हा शब्द तिळाएवढा छापलेला होता.

"पर्यंत म्हणजे?" लारिसानं विचारलं.

"शून्यापासून कितीही," ग्लेन म्हणाला. "आपलं सध्याचं कनेक्शन दिलेला शब्द रोज पाळतं की!"

मामानं खिशातून भिंग काढलं आणि तिन्ही पत्रकं दोन्ही बाजूंनी वाचली.

"कनेक्शन निवडण्याआधी गुन्हेगार पकडला पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर नवं कुलूप आणि जुनाच चोर. भाचे, ही केस मी घेतली. फी नाही, फक्त कॉफी."

"ती तू आधीपासूनच घेतोयस, मामा."

पहिला संशय शेजारच्या व्होलान्स्कीबाईंवर. मामाचं म्हणणं, त्या भिंतीपलीकडून इंटरनेट चोरतात. पुरावा: नाताळात त्यांनी खसखशीचे दोन रोल पाठवले होते. "अपराधी मन!" बाईंची उलटतपासणी करायला मामा गेला आणि दोन तासांनी दोन डझन पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन परत आला. "लाच देऊ केली," तो गंभीरपणे म्हणाला. "मी पुरावा म्हणून जप्त केली." पुरावा त्यानं आंबट साय लावून तिथंच खाल्ला. बाई निर्दोष ठरल्या, कारण त्यांच्या घरात संगणकच नव्हता.

मग संशय बाहेरची तार कुरतडणाऱ्या एखाद्या खारीवर गेला, आणि उणे अठ्ठावीस तापमानात मामा अर्धा तास तारेखाली उभा राहिला. खार आली नाही. ती शहाणी होती.

त्यानंतर चार संगणकांचं आपसात भांडण असल्याचा सिद्धांत निघाला. मामानं प्रत्येक यंत्राला वेगळं बसवून प्रश्न विचारले. ग्लेनचा अख्ख्या दिवसाचा नकाशा त्या चौकशीत शहीद झाला.

गुरुवारी मामा आनंदानं लालबुंद होऊन आला.

"सापडला! डोरीन!"

डोरीन ही केबल कंपनीची दुरुस्तीवाली. दोनदा येऊन गेली होती, एकदा सकाळी नऊला, एकदा दुपारी. दोन्ही वेळा तिला सगळं ठणठणीत आढळलं होतं. बाहेरची तार घरात शिरते तिथली छोटी डबी, म्हणजे मोडेम, खाली सोफ्यामागे होता. तिथले हिरवे दिवे बघून ती परत गेली होती.

"ती बूट काढत नाही," मामा कुजबुजला. "त्यांच्यावरून निळ्या पिशव्या चढवते. का? पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून!"

"मामा, ते सगळेच दुरुस्तीवाले घालतात. लादी ओली होऊ नये म्हणून."

"म्हणजे टोळी आहे!" मामा खुर्चीत मागे रेलला. "आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. मी येतो तेव्हा इंटरनेट जातं, मी गेलो की येतं. याचा अर्थ काय?"

लारिसा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं खरं, पण तेवढ्यात कॉफी उतू गेली.

"अर्थ असा," मामा म्हणाला, "की गुन्हेगार मला घाबरतो. तबकडी घ्या. चोर आकाशात चढू शकत नाही."

ग्लेननं तबकडी घेतली नाही. त्यानं सध्याच्याच कंपनीचं महागडं कनेक्शन मागवलं, दोन वर्षांच्या कराराचं. शुक्रवारी साडेदहाला डोरीन कागद आणि नवी डबी घेऊन आली, बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या आणि सोफ्यामागे शिरली.

"जुनी डबी तर झकास चाललीय," ती आतून म्हणाली. "सुट्टी होईपर्यंत हात लावत नाही."

पावणेअकरा वाजले. लारिसा धडधडत खाली आली आणि दार वाजलं. मामा आत आला, भिंतीला हात टेकला, कण्हत बुटासाठी वाकला. वजनाबरोबर हातही भिंतीवरून खाली घसरला.

"मेली!" सोफ्यामागून डोरीन ओरडली.

"गेलं!" वरून ग्लेन ओरडला.

"बघा!" एका पायावर उभा असलेला मामा ओरडला. "माझी चाहूल लागली त्याला!"

सोफ्यावर डोरीनचं डोकं उगवलं. तिनं मामाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"साहेब, हलू नका. तो बूट परत घाला बरं."

"बाई, गुप्तहेराला हुकूम..."

"मामा, घाल!" लारिसा किंचाळली.

मामानं बूट ओढला आणि भिंतीला धरून वर उठला. हातही वर सरकला. खट.

"दिवे आले," डोरीन म्हणाली. "काढा." खट. "गेले. घाला." खट. "आले."

मामाच्या तळव्याखाली दिव्याचं बटण होतं, इकडच्या पद्धतीचं: खाली ओढलं की बंद, वर सरकवलं की चालू. त्या बटणानं छतावरचा कुठलाच दिवा लागत नसे. इकडच्या बहुतेक बैठकीच्या खोल्यांत असतं तसं ते सोफ्यामागच्या सॉकेटचं बटण होतं, कोपऱ्यातल्या उभ्या दिव्यासाठी. नोव्हेंबरात ग्लेननं तो दिवा वर ऑफिसात नेला आणि रिकाम्या सॉकेटमध्ये मोडेम खोचला. काखेत कळसा म्हणतात, इथे तर तो तळहाताखाली होता.

डोरीननं प्लग काढून शेजारच्या साध्या सॉकेटमध्ये घातला. करार न उघडताच तिनं पिशवीत परत टाकला. "चार संगणकांना आहे तेवढं पुष्कळ आहे. तुम्हाला नवं कनेक्शन नको, यांना बसून बूट काढायला स्टूल पाहिजे."

दहा चोपन्नला ग्लेन वरून ओरडला, "आलं!" लारिसा दोन दोन पायऱ्या चढत गेली आणि बाईंनी "डावा कप्पा" म्हटलं तेव्हा तिची बोटं जागेवर होती. खाली स्वयंपाकघरात मामा बुटांवर डोरीनच्या निळ्या पिशव्या चढवून गुपचूप बसला. वहीत त्यानं लिहिलं: "गुन्हेगार घटनास्थळी एका पायावर पकडला. कौटुंबिक कारणास्तव नाव गुप्त." मग त्याला घरी जावंसं वाटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज वर ऐकू आला. प्लग बदललाय हे विसरून लारिसा जिवाच्या आकांतानं खाली ओरडली.

साडेअकराला जोआनचा निरोप आला.

"डावी बाजू पूर्ण मिळाली! परीक्षेची भीती गेली. फक्त एक ओळ माझ्या पुस्तकात सापडत नाही. 'मामा, भिंतीला हात लावशील तर याद राख.' हा कुठला स्नायू?"

लारिसानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कानावर पडेल ते टाइप करायची त्यांची सवय जुनी होती. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग उत्तर लिहिलं.

"स्नायू नाही, माझा मामा आहे. परीक्षेत विचारणार नाहीत."