भाट्याला आलेय

परशुरामभाऊंनी बायकोची, उल्काताईंची, दुर्बीण गळ्यात अडकवली, त्यांचाच फोन खिशात टाकला आणि उजाडता उजाडता भाट्याचा किनारा गाठला. ताई श्रावणात गेल्या. त्या होत्या तोवर दर हिवाळ्यात विचारायच्या, "येताय का पक्षी बघायला?" भाऊंचं उत्तर ठरलेलं, "थंडीत गुडघे धरतात गो."

आज गुडघे धरले होतेच. पण पाण्याच्या कडेला एक पांढराशुभ्र पक्षी दिसला. लाल चोच, लाल पाय. असला पक्षी जन्मात बघितला नाही, नक्की परदेशातला, असं भाऊंनी ठरवूनच टाकलं. फोटो काढला आणि ताईंच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपवर पाठवला. खाली काहीतरी लिहायला हवं म्हणून 'मी' टाइप केलं, तर ताईंच्या सवयीचे पुढचे शब्द फोनच सुचवायला लागला. भाऊ खूश झाले. येईल त्या शब्दावर बोट ठेवत गेले.

फोटोत नुसतं धुकं आलं होतं. त्याखाली, उल्काताईंच्या नावाने, मजकूर गेला : 'मी भाट्याला आलेय. तुम्ही पण या.'

ग्रुपवर हाहाकार उडाला. शेजारच्या मथुराबाईंनी फोन देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. ग्रुप चालवणाऱ्या विनीतने ताकीद दिली, 'कोणीही एकट्याने जाऊ नये.' राजिवड्याची कौसर ताईंची जिवाभावाची मैत्रीण. तिने धीर करून त्या नंबरवर फोन लावला. पक्षी बुजेल म्हणून भाऊंनी तो कापला. तिने पुन्हा लावला, तर बंदच.

तेवढ्यात मथुराबाईंना आठवलं, भाऊंच्या दाराला कुलूप आहे. माणूस अंधारातच समुद्राकडे गेला. एकटाच.

आता 'तुम्ही पण या' सगळ्यांनी परत वाचलं. मघाशी भुताला घाबरलेली माणसं आता खरी घाबरली.

दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कौसर सुरूच्या बनातून धावत आली. भाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते.

"भावजी! मागं फिरा! तुम्हाला अल्लाची शपथ!"

"शू!" भाऊ वळून खेकसले. "उडेल ना तो!"

आणि तो उडालाच.

"घालवलात! परदेशी पाखरू होतं."

"कुरव होता तो," कौसर वाळूत मटकन बसली. "थंडीत ढिगानं येतात. त्या साध्या कुरवापायी जीव गेला असता माझा!"

"मग साध्या कुरवासाठी एवढं बोंबलायचं कशाला?"

मागून धापा टाकत आलेला विनीत म्हणाला, "काका, आम्हाला वाटलं, तुम्ही..." आणि थांबला.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या पायांभोवतीच्या पाण्याकडे पाहिलं.

"मागल्या महिन्यात आलं होतं मनात," भाऊ हळूच म्हणाले. "इथवर येऊन परत गेलो. आज मात्र खरंच पक्षी बघायला आलो होतो हो."

कौसर उठली. पाण्यात शिरून तिने त्यांचा हात धरला, त्यांना कोरड्या वाळूवर आणलं. ओढणीने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग दुर्बिणीच्या काचा पुसल्या.

"ते बघा, तिकडं होडीपाशी बसलाय परत."

भाऊंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळंच धूसर होतं, काचा पुसूनसुद्धा.

"दिसला?"

"दिसला," भाऊ म्हणाले.