घर चुकलंय तुमचं

शनिवारी भर सकाळी, कंपालाबाहेर, मुकोनो गावाच्या पुढच्या तिठ्यावर, कसुलेने एक अगदी साधा निर्णय घेतला. रस्ता कुणालाही विचारायचा नाही.

त्याच्या गाडीमागे आणखी चार गाड्या थांबल्या होत्या. त्यांत पांढऱ्या पायघोळ कांझूवर कोट चढवलेले पुरुष होते, रंगीबेरंगी गोमेसी नेसलेल्या बायका होत्या, केळ्यांचे घड होते, साखरेची पोती होती, एक कोंबडा होता आणि डेरिक नावाचा नवरा मुलगा होता. हे सगळं नवऱ्या मुलीच्या, लिलियनच्या, घरी वेळेवर पोचवायचं आणि तिथे मुलाच्या बाजूने बोलायचं, ही कसुलेची जबाबदारी.

"अहो, मुलीकडे एक फोन करा ना," शेजारी बसलेली त्याची बायको रेस्टी म्हणाली.

"फोन? अगं, मुलाकडचा बोलणारा मुलीकडच्यांना रस्ता विचारतो का? म्हणजे दारात पाऊल टाकायच्या आधीच हार."

"मग त्या दुकानदाराला विचारा."

"काही गरज नाही. या भागातली पाइपलाइन मला तोंडपाठ आहे."

"आपल्याला पाइपमधून जायचं नाहीये," रेस्टी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पाइपलाइन तोंडपाठ असण्याचं कारण असं, की कालपरवापर्यंत कसुले पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसत होता. सोळा वर्षं बसला. या सोळा वर्षांत त्याच्या तोंडून मुख्यतः एकच वाक्य बाहेर पडलं, "तुमची खिडकी चुकली, पुढे जा." (पुढच्या खिडकीवरचा माणूस लोकांना मागे पाठवायचा. ऑफिस कसं सुरळीत चाललं होतं.) घरी तो याहून कमी बोलायचा. मग चुलतभावाच्या क्वांजुलाला, म्हणजे मुलाकडचे मुलीच्या घरी रीतसर ओळख करून द्यायला जातात त्या समारंभाला, ठरवलेल्या बोलणाऱ्याचा ऐन वेळी घसा बसला. कुणीतरी माइक कसुलेच्या हातात कोंबला. त्या दुपारी कसुले जे काही बोलला, त्याने म्हाताऱ्या बायका डोळे पुसपुसून हसल्या. बिचाऱ्याने सोळा वर्षांचं साठवलेलं एकदम बाहेर काढलं, असं रेस्टीचं मत पडलं.

कसुलेच्या डोक्यात मात्र वारं शिरलं. कंपालात बोलणाऱ्यांना काय मागणी असते! दर शनिवारी कुठे ना कुठे मांडव असतोच. एकेचाळिसाव्या वर्षी त्याने नोकरीचा राजीनामा दिला. साहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"सोमवारपर्यंत तुझी खुर्ची कुणाला देत नाही," ते म्हणाले. "माणसाला ताप चढतो, उतरतो."

रेस्टीने आदळआपट केली नाही. तिचं शिवणाचं दुकान होतं. आजच्या वऱ्हाडातल्या निम्म्या गोमेसी तिच्याच हातच्या होत्या. ती फक्त एवढंच म्हणाली, "मुलींच्या शाळेचं हे सत्र माझं मशीन काढेल. पुढचं सत्र तुमच्या तोंडाने काढायचं." तेव्हा आजचं हे पहिलंवहिलं काम जमलं तर कसुले बोलणारा, नाही तर सोमवारी पुन्हा खिडकीत. त्याला खिडकीत परत जायचं नव्हतं.

"बोअरवेलच्या पुढे डावीकडे, हिरवा-पांढरा मांडव," कसुलेने स्वतःशी उजळणी केली आणि गाडी डावीकडे घातली. गल्लीत हिरवा-पांढरा मांडव होताच. (त्या भागातल्या मांडववाल्याकडे दुसऱ्या रंगाचं कापडच नाही, हे नंतर कळलं.)

"बघ!" तो रेस्टीला म्हणाला.

उतरल्यावर त्याने डेरिकला बाजूला घेतलं. "हे बघ, नवऱ्या मुलाने तिथे तोंड उघडायचं नसतं. मान खाली घालून गर्दीत बसायचं. आभाळ कोसळलं तरी एक शब्द नाही. समजलं?"

"हो काका," डेरिक म्हणाला. तो बँकेत होता, सांगितलेलं ऐकायची त्याला सवय होती.

मांडवाच्या तोंडाशी मुलीकडचा बोलणारा माइक घेऊन उभाच होता. जाडजूड, पिकल्या केसांचा, जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला सालोंगो म्हणत.

"कोण तुम्ही? एवढा लवाजमा घेऊन कुठे निघालात?"

"वाटसरू आहोत," कसुलेने आवाज लावला. "तहान लागली, दारात आलो."

"पाणी पाहिजे तर पाण्याच्या ऑफिसात जा."

"तिथूनच आलोय, सालोंगो! तिथे नव्हतं म्हणून तर तुमच्या दारात आलो!"

मांडव हसून कोसळला. कसुलेला आपण हवेत एक वीत वर उचलले गेल्यासारखं वाटलं.

"घर चुकलंय तुमचं," सालोंगो म्हणाला. "आम्ही कुणाची वाट बघत नाही."

हे तर ठरलेलंच असतं. मुलीकडच्यांनी ओळख दाखवायची नाही, घर चुकलंय म्हणून हुसकावत राहायचं. मुलाकडच्यांनी कशाला आलो ते सरळ सांगायचं नाही आणि जागचं हलायचंही नाही. ज्याला पुढचं बोलणं सुचणार नाही, तो हरला. कसुलेला आज सुचत होतं.

"चुकलं असेल, पण जेवणाचा वास बरोबर येतोय!" तो म्हणाला, आणि सालोंगोने हसत हसत सगळ्यांना आत घेतलं.

आत पोरींचे घोळके आले, गुडघे टेकून नमस्कार करून तिथेच बसले. प्रत्येक घोळक्याला कसुलेने एकेक टोला लगावला. डेरिक मात्र पोरींकडे बघून खोकायला लागला. कसुलेने डोळे वटारले. डेरिक पुन्हा खोकला. कसुलेने त्याच्याकडे पाण्याची बाटली पोचती केली.

मग मुलीची आत्या हातात फूल घेऊन आली. पाहुण्यांत लपलेला नवरा मुलगा हुडकून त्याच्या कोटाला फूल लावायचं, हे आत्याचं काम. मुलाची आणि आत्याची आधी भेट झालेली असते, पण चटकन सापडला असं दाखवायचं नाही. ही आत्या तर कमालच करत होती. एकेका रांगेतून एकेक तोंड निरखत गेली. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत फिरली. पिशवीतून चष्मा काढला, पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. डेरिकच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने पाहिलं आणि पुढे गेली. आता डेरिकला खोकल्याची उबळच आली.

"आत्याबाई, नंबर बदलून घ्या!" कसुले माइकवरून गरजला. "आमच्याकडे एकापेक्षा एक देखणे, गोंधळ व्हायचाच!"

पुन्हा हशा. आत्या मात्र हसली नाही. ती सालोंगोच्या कानाला लागली. सालोंगोने घड्याळ पाहिलं, मग कसुलेकडे पाहिलं.

"मुलाचं कूळ कोणतं म्हणालात?"

या प्रश्नाची कसुलेने आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. (कुळाला ज्या जिवाचं नाव, तो जीव त्या कुळाने खायचा नसतो.) छाती पुढे काढून तो म्हणाला, "नाकतोड्याचं! आमच्या सात पिढ्यांत कुणी नाकतोडा तोंडात घातला नाही आणि कुणाला घालू दिला नाही!"

आत्या जवळच्या खुर्चीवर मटकन बसली. कारण ते घरही नाकतोड्याच्याच कुळाचं होतं, आणि एका कुळातली मुलं म्हणजे सख्खी भावंडं, त्यांचं आपसात लग्न होत नाही.

सालोंगोने माइक खाली ठेवला. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही खरोखरच चुकीच्या घरी आलात."

कसुलेने टाळ्या वाजवल्या. "वा! वा! मंडळी, बघितलंत? माइक खाली ठेवून बोलले! याला म्हणतात कसलेला बोलणारा!"

"अहो, थट्टा नाही. घर चुकलंय तुमचं."

"मग बरोबर होईपर्यंत आम्ही इथेच बसतो!"

"इथे तुमच्या मुलाच्या बहिणी बसल्यात!"

"मग पाहुणचार माहेरच्यासारखा होऊ द्या!"

सालोंगोच्या चेहऱ्यावर आता कंटाळा होता, थोडी कीव होती आणि बरीचशी घाई होती. हा चेहरा जगात कुणी ओळखायला हवा होता तर तो कसुलेने. सोळा वर्षं खिडकीमागे तो स्वतः हाच चेहरा घालून बसला होता. पण माइक हातात असला की माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही.

शेवटी डेरिक उठला. "काका," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "या लिलियनच्या आत्या नाहीत. या पोरींतली एकसुद्धा मी आजवर पाहिलेली नाही."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही म्हणालात आभाळ कोसळलं तरी..."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजले. त्या घरचे खरे पाहुणे आले होते. त्यांचा बोलणारा मांडवाच्या तोंडाशी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "वाटसरू आहोत! तहान लागलीय!" मांडवातलं कुणीच हसलं नाही. कसुलेच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

कसुलेच्या माणसांनी टोपल्या, पोती, केळी उचलली आणि काढता पाय घेतला. जाताना पोरी अजून गुडघे टेकून होत्या, फक्त आता तोंडावर हात ठेवून.

लिलियनचं घर शेजारच्याच गल्लीत निघालं. मांडव तसाच, हिरवा-पांढरा. गाडीत रेस्टी पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली.

"बोल ना काहीतरी," कसुले म्हणाला.

"मी काय बोलणार? बोलणारे तुम्ही."

कसुलेला मनापासून लाज वाटत होती. साहेब सोमवारी खुर्ची पुसून देतील आणि म्हणतील, उतरला ताप? डोळ्यांपुढे ती खिडकी येत होती, आणि पाठ केलेलं सगळं एकेक करून डोक्यातून निघून चाललं होतं.

इथला बोलणारा म्हणजे वामाला मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. त्यांच्या मागे भुकेजलेलं, वैतागलेलं अख्खं गाव बसलं होतं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोण तुम्ही? घर चुकलंय तुमचं."

कसुले पांढराफटक पडला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"माफ करा," तो म्हणाला. "पुन्हा चूक झाली. चला रे, उचला टोपल्या."

आणि तो वळून चालायला लागला. त्याच्यामागे चालायची सवय झालेलं वऱ्हाडही केळ्यांसकट, कोंबड्यासकट वळलं. डेरिकने मागे वळून खऱ्या आत्याकडे केविलवाणं पाहिलं, पण मागच्या साखरेच्या पोत्याने त्याला पुढे ढकललं.

मग जो हशा उसळला, तो म्हणे पलीकडच्या गल्लीत सालोंगोपर्यंत पोचला. आजवर मुलाकडच्यांना हुसकावून हुसकावून मुलीकडचे थकले होते, पण एका शब्दावर निघून जाणारा बोलणारा कुणी पाहिला नव्हता. आता काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वामाला मास्तरांना तर नाहीच.

"अहो, थांबा!" मास्तर माइक टाकून धावले. "घर हेच! हेच घर!"

दोन आज्यांनी कसुलेच्या कोटाचं टोक धरलं. लिलियनची आत्या रस्त्यावर पळत आली आणि तिने उभ्या उभ्याच डेरिकला फूल लावून टाकलं, कारण पुन्हा निसटला तर काय घ्या. मुलीकडचेच विनवण्या करायला लागले म्हणजे ते हरले. उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आपण जिंकलो हे कसुलेला टोपली घेतलेल्या बाईने सांगितलं. त्यानंतर त्याने टोपी घातली.

"आम्ही मानी माणसं," माइक घेऊन तो म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या.

जेवणानंतर तो खुर्चीत रेलून लोकांना समजावत बसला. "हे डावपेच असतात. आधीच्या घरी आम्ही रंगीत तालीम केली. समोरच्याला वाटलं पाहिजे, की हा खरंच चालला." पुढच्या दोन शनिवारांचं तिथल्या तिथे ठरलं. काम देणाऱ्या दोघांनीही बजावलं, की तो परत फिरायचा डाव मात्र पाहिजेच. कसुलेने साहेबांना फोन करून सांगितलं, "खुर्ची देऊन टाका."

रेस्टी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. "मी पुढे होते," ती म्हणाली. "मुली वाट बघत असतील." आणि मोटरसायकलवाल्याला हात करून ती निघून गेली.

दिवेलागणीला कसुले घरी पोचला. भाड्याच्या घरांची ती चाळ, सगळी दारं एकसारखी निळी. आज आपण अंगाने जरा भरलोय असं त्याला वाटत होतं. त्याने ऐटीत दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून रेस्टीचा आवाज.

"वाटसरू!" कसुले माइकवरच्या आवाजात म्हणाला. "तहान लागलीय!"

"घर चुकलंय तुमचं."

कसुले खो खो हसला. हसता हसता दोन पावलं मागे सरला, मान वर करून त्याने दारावरचा नंबर वाचला, आणि खात्रीसाठी शेजारच्या दारावरचाही वाचला.

खिडकीचा पडदा बाजूला झाला होता. आत रेस्टी आणि दोन्ही मुली दाटीवाटीने उभ्या होत्या.

"बघितलात ना गं?" रेस्टी मुलींना म्हणाली. "हाच तो डाव."